साध्या वाक्याचा चोरकप्पा

एप्रिल 1951. कोरियात इमजिन नदीच्या दक्षिणेला ब्रिटिशांची 29वी ब्रिगेड मोर्चे बांधून बसली होती. तिच्या डाव्या बगलेवर ग्लॉस्टरशायर रेजिमेंटची पहिली बटालियन होती. 22 तारखेच्या रात्री चिनी फौजा नदी ओलांडून आल्या आणि पुढच्या दोन दिवसांत ही बटालियन एका टेकडीवर चहूबाजूंनी कोंडली गेली. टेकडीवर साडेसहाशेच्या आसपास माणसं, समोर दहा हजारांची फौज. पाणी संपलेलं, दारूगोळा संपत आलेला. ब्रिगेडियर टॉम ब्रॉडी यांचे वरिष्ठ अधिकारी अमेरिकन होते, तिसऱ्या इन्फन्ट्री डिव्हिजनचे मेजर जनरल रॉबर्ट सोल. सोल यांनी वायरलेसवर विचारलं, तिकडे कसं काय चाललंय? ब्रॉडी म्हणाले, "थिंग्ज आर अ बिट स्टिकी, सर."

ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याच्या तोंडी या वाक्याचा अर्थ होता, आमचं आता काही खरं नाही. अमेरिकन कानाला ते ऐकू आलं असं: थोडी ओढाताण आहे, पण निभावतंय. सोल यांनी जागा सोडू नका म्हणून सांगितलं. टेकडीवरच्या त्या माणसांपैकी सुमारे चाळीस जणच स्वतःच्या पायांनी परत आपल्या ठाण्यापर्यंत पोचले. पाचशेहून अधिक जण कैद झाले. त्यांत बटालियनचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल जेम्स कार्नही होते. त्यांना पुढे व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

एका 'स्टिकी'पायी बटालियन गेली, असं ही गोष्ट रंगवून सांगणारे म्हणतात. ते अर्थात पूर्ण खरं नाही. 24 तारखेला फिलिपिनी रणगाडे सुटकेसाठी निघाले होते. अरुंद घळीत पुढचा रणगाडा निकामी झाला आणि मागच्यांचा रस्ताच बंद झाला. लढाई एका शब्दावर हरली जात नाही. पण त्या वायरलेसवर एक विलक्षण गोष्ट घडली, ती मात्र खरी. दोघांचीही मातृभाषा इंग्रजी. ना कुठली सांकेतिक लिपी, ना आवाजात खरखर. एकाने तातडीचा निरोप पाठवला, दुसऱ्याला प्रत्येक शब्द स्पष्ट ऐकू आला, आणि तरी निरोप पोचला नाही.

गुप्तलेखनाच्या शास्त्रात अशा वेळी म्हणतात, संदेश मिळाला पण किल्ली नव्हती. वाक्प्रचारांची गंमत अशी, की त्यांची किल्ली कुणी कुणाला मुद्दाम देत नाही. ती त्या त्या मुलखात वाढताना आपोआप खिशात येते. म्हणून ती आपल्याकडे आहे हे आपल्याला माहीत नसतं, आणि समोरच्याकडे नसेल हे तर ध्यानातही येत नाही.

याची याहून शांत, आणि म्हणून जास्त गमतीदार, हकिकत चर्चिल यांनी दुसऱ्या महायुद्धावरच्या आपल्या ग्रंथमालेत नोंदवली आहे. पर्ल हार्बरनंतर लगेच, डिसेंबर 1941 मध्ये, ब्रिटन आणि अमेरिकेचे सेनाधिकारी वॉशिंग्टनमध्ये जमले होते. ब्रिटिशांनी एक टिपण तयार केलं आणि ते महत्त्वाचं असल्यामुळे 'टेबल' करायचा आग्रह धरला. अमेरिकनांनाही ते महत्त्वाचं वाटत होतं, म्हणूनच त्यांनी 'टेबल' करायला कडाडून विरोध केला. बरीच वादावादी झाल्यावर उलगडा झाला, की ब्रिटिश इंग्रजीत 'टेबल' करणं म्हणजे विषय लगेच चर्चेला घेणं आणि अमेरिकेत म्हणजे तो बासनात गुंडाळून ठेवणं. दोन्ही बाजूंना एकच हवं होतं आणि त्यासाठीच त्या एकमेकींशी भांडत होत्या. आपली संसद या बाबतीत लंडनच्या वळणावर गेलेली आहे. 'अहवाल सभागृहाच्या पटलावर ठेवला' ही बातमी वाचताना कुणालाही तो अडगळीत टाकला असं वाटत नाही. पुढे तो तिथेच जातो, हा वेगळा भाग.

अशा जोड्या इंग्रजीत डझनावारी सापडतात. अमेरिकन विमानात 'आपण मोमेंटरिली उतरत आहोत' अशी घोषणा झाली, की जुन्या वळणाचा इंग्रज प्रवासी चपापतो, कारण त्याच्या लेखी विमान क्षणभरच टेकणार असतं. अमेरिकन माणसाने तुमच्या लेखाला 'क्वाइट गुड' म्हटलं तर पेढे वाटावेत. इंग्रज संपादकाने म्हटलं तर लेख पुन्हा लिहायला घ्यावा. आयर्लंडमध्ये 'आय विल, येह' हे विशिष्ट सुरात म्हटलं, की त्याचा अर्थ 'मुळीच करणार नाही'. दक्षिण आफ्रिकेत 'जस्ट नाऊ' येतो म्हणणारा माणूस दुपारपर्यंत आला तरी नशीब समजायचं. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत 'ब्लेस युअर हार्ट' हा आशीर्वादही असतो आणि अत्यंत गोड शब्दांत काढलेली अक्कलही. स्कॉटलंडमध्ये आजी 'मेसेजेस' आणायला निघाली, तर ती टपालात जात नसते. वाणसामान आणायला निघालेली असते.

खुद्द इंग्रजांना आपल्या या सवयीची कल्पना आहे. 'विथ द ग्रेटेस्ट रिस्पेक्ट' या सौजन्यपूर्ण सुरुवातीचा खरा अर्थ काय, असं यूगव्ह या पाहणी संस्थेने काही वर्षांपूर्वी ब्रिटन आणि अमेरिकेतल्या लोकांना विचारलं. ब्रिटनमध्ये दर तिघांतल्या दोघांनी सांगितलं, की याचा अर्थ 'तू मूर्ख आहेस'. अमेरिकेत असं मानणारे निम्म्याहूनही कमी निघाले. म्हणजे एखादा अमेरिकन व्यवस्थापक लंडनच्या बैठकीत वारंवार मूर्ख ठरून, वर आपला आदर झाला असं समजून घरी परतत असणार.

मराठी माणसाला यात हसण्यासारखं फार नाही, कारण आपल्याकडे निरोप घेताना 'येतो' म्हणतात आणि माणूस जातो. नारळ 'वाढवला' की तो फुटतो, दुकान 'वाढवलं' की बंद होतं, बांगडी 'वाढली' म्हणजे पिचली. अशुभ शब्द तोंडातून निघू नये म्हणून भाषेने त्याच्या जागी थेट उलटा शब्द ठेवला आणि शतकानुशतकं घोटाळा झाला नाही. लग्नाच्या बैठकीनंतर 'बघू, कळवतो' याचा अर्थ काय हे मुलीच्या बापाला कुठल्याही पाहणीशिवाय कळतं.

आता हे झालं नकळत. पण शब्दाचा अर्थ मुलखाच्या आत एक आणि बाहेर दुसरा, ही सोय एकदा लक्षात आल्यावर माणसं ती मुद्दाम वापरणार नाहीत असं कसं होईल?

लंडनच्या ईस्ट एंडमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर ती पद्धतशीरपणे वापरली जात होती. हातगाडीवर भाजी-फळं विकणारे, रस्त्यावर गाण्यांची चोपडी विकणारे फेरीवाले यांनी यमकांची एक बोली तयार केली. 1859 मध्ये जॉन कॅम्डन हॉटन यांनी काढलेल्या बाजारू शब्दांच्या कोशात तिची नोंद आहे. रीत अशी: 'स्टेअर्स' म्हणजे जिना म्हणायचं असेल, तर त्याला यमक जुळणारी जोडी घ्यायची, 'अ‍ॅपल्स अँड पेअर्स'. एवढं कुणीही चाणाक्ष पोलीस ओळखील. म्हणून पुढची पायरी: जोडीतला यमकाचा शब्दच गाळून टाकायचा. 'लुक' म्हणजे बघणं. त्याला यमक 'बुचर्स हुक', खाटकाचा आकडा. मग हुक गाळायचा आणि म्हणायचं, 'हॅव अ बुचर्स'. ऐकणाऱ्याला खाटीक सापडतो, बघणं सापडत नाही. 'पोर्क पाइज' हे 'लाइज'चं यमक, त्यातलं 'पाइज' उडालं आणि 'पोर्कीज' उरले. आज ब्रिटिश वर्तमानपत्रं पुढाऱ्यांच्या थापांना सर्रास पोर्कीज म्हणतात. भाजीवाल्यांचीच दुसरी तऱ्हा शब्द उलटा करण्याची होती. 'बॉय' उलटा करून झालेला 'यॉब' आता उनाड टारगट मुलासाठी इंग्रजीत कायमचा राहिला आहे. आपल्याकडे जनावरांच्या बाजारात दलाल रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवत. त्यामागची गरज हीच. सौदा चारचौघांत करायचा, पण चौघांना कळू द्यायचा नाही.

काहींच्या दृष्टीने हा सौद्याचा नव्हे, तुरुंगाचा प्रश्न होता. इंग्लंडमध्ये 1967 पर्यंत पुरुषांमधले समलिंगी संबंध हा गुन्हा होता. तिथल्या समलिंगी पुरुषांनी, नाटकमंडळीतल्या आणि व्यापारी जहाजांवरच्या लोकांनी 'पोलारी' नावाची बोली जोपासली. इटालियन, जिप्सींची रोमानी, खलाशांची मिश्रभाषा, लंडनची यमकं, उलटे शब्द, सगळं तिच्यात होतं. 'फेस' उलटा केला, त्याचं टोक तोडलं आणि चेहऱ्याला 'ईक' शब्द मिळाला. अनोळखी माणसाशी बोलताना एखादा पोलारी शब्द सहज टाकायचा. समोरच्याने उचलला तर आपला, नाहीतर बोलणं हवापाण्यावर न्यायचं. आणि मग ही बोली सगळ्या देशाला ऐकवली ती, दुसऱ्या कुणी नव्हे, बीबीसीने. 'राउंड द हॉर्न' या नभोवाणीवरच्या विनोदी कार्यक्रमात 1965 ते 1968 या काळात ज्युलियन आणि सँडी ही दोन पात्रं रविवार दुपारी तिच्यात गप्पा मारत. लाखो कुटुंबं जेवणानंतर खो खो हसत आणि त्यातलं नेमकं काय चावट आहे हे निम्म्यांना कळत नसे. पण शब्द घरोघर पोचले. 1967 चा कायदा झाला, लपवण्याची निकड कमी झाली, आणि गुपित उरलं नाही तशी पोलारीही हळूहळू मागे पडली.

मराठी मुलखात लिपीच बदलून गुपित राखण्याचा मोठा प्रयोग महानुभावांनी केला. चौदाव्या शतकापासून त्यांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत उतरवले. लीळाचरित्रासारखा मराठीतला आद्य गद्यग्रंथ त्यामुळे पंथाबाहेरच्यांना कित्येक शतकं वाचता आला नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीची उकल केली आणि ते दालन खुलं झालं. मात्र या पद्धतीत एक उणीव असते. पोथी उघडणाऱ्याला पहिल्याच ओळीत कळतं, की इथे काहीतरी लपवलेलं आहे. युद्धातल्या हेराला एवढंही परवडत नाही. त्याला असं पत्र लिहावं लागतं, की उघडून वाचणाऱ्याला ते उघडायची तसदी घेतल्याचाच पश्चात्ताप व्हावा.

साध्या वाक्याच्या चोरकप्प्याचं खरं महत्त्व तिथे आहे. युद्धकाळात तपासनीस टपालातलं पान न पान वाचत. पहिल्या महायुद्धातली त्यांची एक आख्यायिका गुप्तलेखनाच्या इतिहासकारांना फार आवडते. एक तार आली: 'फादर इज डेड.' तपासनिसाला काय वाटलं कोण जाणे, त्याने 'डेड'च्या जागी 'डिसीस्ड' घातलं आणि तार पुढे धाडली. अर्थात काडीचाही फरक नाही. थोड्याच वेळात उलट तार आली: 'फादर डेड आहे की डिसीस्ड?' खऱ्या मुलाला हा प्रश्न कधीच पडला नसता.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने यासाठी स्वतंत्र खातंच उघडलं आणि त्यात चौदा हजारांहून जास्त माणसं नेमली. टपालातून बुद्धिबळाचे डाव खेळायला बंदी आली, कारण प्यादं कुठे सरकलं यातून जहाज कुठे सरकलं हे सांगता येतं. परदेशी धाडलेली शब्दकोडी अडवली गेली. तारेने फुलं मागवणाऱ्याला कुठली फुलं हे लिहायची मुभा उरली नाही.

हा अतिरेक वाटेल. पण बाहुल्यांची पत्रं वाचल्यावर वाटणार नाही.

1942 मध्ये अर्जेंटिनाच्या ब्यूनोस आयर्समधून काही पत्रं 'पत्ता सापडला नाही' या शेऱ्यानिशी अमेरिकेत परत आली. पाकिटामागे ज्यांची नावं होती त्या वेगवेगळ्या गावांतल्या बायका चक्रावल्या. सही आपल्यासारखीच, घरगुती तपशीलही बरेचसे बरोबर, पण पत्र आपण लिहिलेलं नाही! पत्रांतला मजकूर बाहुल्यांचा. तीन जुन्या इंग्लिश बाहुल्या दुरुस्तीला 'डॉल हॉस्पिटल'मध्ये आहेत. तीन सुंदर आयरिश बाहुल्या आहेत, त्यांतला एक पाठीवर जाळं टाकलेला म्हातारा कोळी, एक पाठीवर लाकडं घेतलेली म्हातारी आणि एक लहान मुलगा. बाहुल्या जमवणाऱ्यांच्या जगात यात वावगं काहीच नव्हतं. डॉल हॉस्पिटल म्हणजे मोडक्या बाहुल्या दुरुस्त करायचं दुकान, हा त्या छंदातला रोजचा शब्द. एफबीआयच्या गुप्तलेखनतज्ज्ञांनी तारखा ताडून पाहिल्या तेव्हा बाहुल्या म्हणजे युद्धनौका आणि हॉस्पिटल म्हणजे पश्चिम किनाऱ्यावरची गोदी असा अर्थ लागला. कोळ्याच्या पाठीवरचं जाळं म्हणजे पाणतीरांपासून बचावासाठी जाळी लावलेली विमानवाहू नौका. एका पत्रात 'मिस्टर शॉ आजारी होते, लवकरच कामावर रुजू होतील' असं होतं. 'शॉ' ही पर्ल हार्बरच्या हल्ल्यात जबर नुकसान झालेली विनाशिका होती आणि त्या सुमारास तिची दुरुस्ती पुरी होत आली होती.

त्या सगळ्या बायकांमध्ये समान दुवा एकच निघाला. न्यूयॉर्कच्या मॅडिसन अव्हेन्यूवर व्हेल्व्हली डिकिन्सन नावाच्या बाईंचं बाहुल्यांचं दुकान होतं आणि या सगळ्या तिथल्या गिऱ्हाईक होत्या. गिऱ्हाइकांच्या पत्रव्यवहारातून सह्या आणि घरच्या बातम्या उचलून डिकिन्सनबाई त्यांच्याच नावाने जपानसाठी पत्रं लिहीत होत्या. जानेवारी 1944 मध्ये त्यांना अटक झाली. टपाल तपासणीचा कायदा मोडल्याचा गुन्हा त्यांनी कबूल केला आणि त्यांना दहा वर्षांची शिक्षा व दहा हजार डॉलर दंड झाला. पकडल्या कशामुळे गेल्या? नुसता संकेत उकलला म्हणून नव्हे. पलीकडचा पत्ता जागेवर राहिला नाही म्हणून.

साधं वाक्य संकेत ठरवण्यात एक वेगळाच धोकाही असतो: एकदा तो फुटला की त्या वाक्याची भीती बसते. 19 नोव्हेंबर 1941 ला टोकियोने आपल्या वकिलातींना कळवून ठेवलं, की नेहमीची दळणवळणाची साधनं तुटली तर लघुलहरींवरच्या हवामानवृत्ताकडे कान ठेवा. 'पूर्वेचा वारा, पाऊस' म्हणजे अमेरिकेशी बिनसलं; 'उत्तरेचा वारा, ढगाळ' म्हणजे रशियाशी; 'पश्चिमेचा वारा, निरभ्र' म्हणजे ब्रिटनशी. ही सूचना अमेरिकनांनी पकडली, वाचली, आणि मग त्यांची ठाणी रात्रंदिवस जपानचं हवामान ऐकत बसली. तो संदेश 4 डिसेंबरला प्रत्यक्ष आला होता असं नौदलाचे अधिकारी लॉरन्स सॅफर्ड नंतर ठामपणे सांगत राहिले, इतरांनी ते नाकारलं, आणि अमेरिकी काँग्रेसच्या चौकशीत या पावसावर पानंच्या पानं खर्ची पडली. प्रत्यक्ष हल्ल्याचा हुकूम जपानी आरमाराला 2 डिसेंबरला मिळाला तो वेगळ्याच वाक्यात: 'नीताका डोंगर चढा'. तैवानमधला हा डोंगर तेव्हाच्या जपानी साम्राज्यातला सर्वांत उंच, फुजीहूनही उंच.

लंडनने हीच कल्पना उघड्यावर, आणि घाऊक प्रमाणात, राबवली. मे 1941 मध्ये जॉर्ज बेगे हा रेडिओचालक ब्रिटिश हेरखात्यातर्फे रात्री फ्रान्समध्ये पॅराशूटने उतरला. त्याच्या लक्षात आलं, की वायरलेसवर जितका वेळ बसावं तितकं जर्मनांच्या शोधगाड्यांना त्याचा ठावठिकाणा कळायला सोपं. मग त्याने सुचवलं, निदान लंडनकडून येणारे निरोप तरी बीबीसीवरून द्या. फ्रेंच बातम्यांच्या शेवटी 'काही खासगी निरोप' असं सांगून निवेदक गंभीर आवाजात वाक्यं वाचू लागला. 'जाँच्या मिशा लांब आहेत.' कुणाची मावशी, कुणाचा कुत्रा, कुणाच्या बागेतल्या भाज्या. जर्मनही हे ऐकत होते, आणि ऐकून काही उपयोग नव्हता. यात उकलण्यासारखं गणितच नसतं. हे वाक्य ऐकलं की अमुक पूल उडवायचा, एवढं एका माणसाच्या कानात आधी सांगून ठेवलेलं. तो माणूस हाती लागेपर्यंत मिशा म्हणजे मिशाच.

याचा एक उपयोग आणखी चतुर होता. फ्रान्समध्ये हेराला एखाद्या शेतकऱ्याकडे आसरा किंवा व्यापाऱ्याकडे उसने पैसे मागावे लागत. तू खरंच लंडनचा माणूस कशावरून? हेर म्हणायचा, तुम्हीच एक वाक्य सांगा. काही दिवसांनी ते वाक्य बीबीसीवरून ऐकू आलं, की तिजोरी उघडायची.

या निरोपांतला सर्वांत गाजलेला म्हणजे कवी व्हर्लेन यांच्या शरदावरच्या कवितेतल्या ओळी. त्यांतला पहिला भाग 1 जून 1944 ला आणि पुढचा 5 जूनच्या रात्री प्रसारित झाला. त्यातलं एक क्रियापदही मूळ कवितेतलं नव्हतं. शार्ल त्रने या गायकाने गाताना बदललेलं ते होतं. जर्मनांच्या पंधराव्या सैन्याच्या हेरविभागाला या ओळींची माहिती मिळाली होती आणि दुसरा भाग ऐकताच त्यांनी धोक्याची सूचना दिली. पंधरावं सैन्य सावध झालं. पण ते होतं कॅलेच्या बाजूला. नॉर्मंडीत जे सातवं सैन्य होतं, त्याला कुणी उठवलं नाही, आणि पहाटे दोस्तांच्या फौजा तिथेच उतरल्या. शिवाय जर्मनांचा अर्थही थोडा चुकला होता. त्यांना हा साऱ्या फ्रान्सला दिलेला इशारा वाटला. प्रत्यक्षात तो रेल्वेमार्ग उखडणाऱ्या एका गटापुरता होता. किल्ली हाती आली, कुलूपही उघडलं, तरी आतल्या निरोपाचं काय करायचं हे वरच्यांना कळावं लागतं.

युद्धं संपली की असे संकेत मरतात. सैनिकांचे वाक्प्रचार मात्र घरी जातात आणि तिथे मूळ पत्ता विसरून नांदतात. ब्रिटनमध्ये एखाद्याचं डोकं फिरलं, की 'ही हॅज गॉन दूलॅली' म्हणतात. हे दूलॅली म्हणजे नाशिकजवळची आपली देवळाली.

1861 मध्ये तिथे ब्रिटिशांची छावणी उभी राहिली. हिंदुस्थानातली नोकरी संपलेले गोरे शिपाई मायदेशी जाण्याआधी तिथे आणून ठेवत. मुंबईहून त्यांना नेणारी जहाजं हिवाळ्याच्या मोसमातच सुटत. मोसम हुकला की पुढचे कित्येक महिने मुक्काम देवळालीत. कवायत नाही, पहारा नाही, हातात बंदूकही नाही. ऊन, हिवताप, दारू, आणि रोज उठून जहाजाची वाट. चांगली धडधाकट माणसं तिथे चक्रम वागू लागत. शिपायांनी त्या अवस्थेला नाव दिलं 'दूलॅली टॅप'. यातला टॅप म्हणजे आपला ताप. फ्रँक रिचर्ड्स या माजी शिपायाने 1936 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आठवणींत या रोगाचं वर्णन केलं आहे. कालांतराने ताप गळला, लंडनच्या यमकांतला दुसरा शब्द गळतो तसाच, आणि देवळाली तेवढी राहिली. 1974 पासून सात वर्षं बीबीसीवर याच छावणीत सुरू होणारी 'इट एन्ट हाफ हॉट, मम' ही विनोदी मालिका चालली. इतकं होऊनही लीड्स किंवा ब्रिस्टलमधल्या दूलॅली म्हणणाऱ्या माणसाला विचारलं, तर या नावाचं एक रेल्वे स्टेशन आहे आणि तिथे गाड्या थांबतात हे त्याला खरं वाटत नाही.

त्याच पलटणींनी आणखीही बरंच नेलं. 'देखो'पासून 'डेको' झाला, तोही अर्थाने 'बुचर्स'चाच भाऊ. 'विलायती'पासून 'ब्लायटी' झालं. पहिल्या महायुद्धात 'ब्लायटी' म्हणजे मायदेश, आणि मायदेशी रवानगी होईल अशी बेताची जखमही. फ्रान्सच्या खंदकात बसलेला इंग्रज शिपाई एका उर्दू शब्दात घराची आस धरून बसला होता, हे आपल्याला जितकं नवलाचं, तितकं त्याला नव्हतं. तो शब्द परका आहे हेच तो विसरला होता.

उलटा प्रवासही झाला. इंग्रज जे इंग्रजी इथे सोडून गेले, त्यातले काही वाक्प्रचार त्यांच्याकडे विरले आणि आपल्याकडे दणकट राहिले. 'डू द नीडफुल' हा एकेकाळी लंडनच्या पेढ्यांतला रोजचा मायना. आज तो भारतीय पत्रांत दिसला, की इंग्रज गालात हसतो. महाविद्यालयातून मुलगा 'पास आउट' झाला हे ऐकून अमेरिकन माणूस पाणी आणायला धावेल, कारण तिथे त्याचा अर्थ शुद्ध हरपणं. ब्रिटिश लष्करात मात्र प्रशिक्षण पुरं झाल्यावर 'पासिंग आउट' होतं, आणि खडकवासल्याच्या एनडीएत ते आजही दिमाखात होतं. लग्नाच्या जाहिरातींतला 'होमली' शब्द तर तीन मुलखांत तीन सोंगं घेतो. ब्रिटनमध्ये होमली म्हणजे घरासारखं उबदार, भारतात म्हणजे घरकामात रमणारी सालस मुलगी, आणि अमेरिकेत म्हणजे रूपाने यथातथा. न्यू जर्सीतल्या मराठी मुलासाठी पुण्याच्या वर्तमानपत्रात 'होमली वधू पाहिजे' म्हणून दिलेली जाहिरात त्याच्या अमेरिकन मित्राने वाचू नये हे बरं.

पण इंग्रजी वाक्प्रचाराला भारताने दिलेला सर्वांत वजनदार अर्थ तारेत होता. 'फादर सिरियस, स्टार्ट इमिजिएटली.' तारेत शब्दाला पैसे पडत, म्हणून चार शब्द. इंग्रजीत सिरियस म्हणजे प्रकृती गंभीर. मुंबईच्या चाळीत ही तार आली की गावाकडे काय झालंय हे सगळ्या मजल्याला कळत असे, कारण 'गेले' हा शब्द तारेत घालायचा नाही असा दंडक होता. प्रवासात माणसाने धीर सोडू नये म्हणून वडील कागदावर जिवंत ठेवायचे. सुतकाची तयारी मात्र मुंबईतूनच सुरू होई. कुठल्याही सांकेतिक पुस्तकाशिवाय अख्ख्या देशाला पाठ असलेला हा संकेत होता.

आणि तो सगळ्यांनाच पाठ असल्यामुळे त्याचा तिसरा उपयोग निघाला. रजा मिळत नसली, की पलटणीतला शिपाई किंवा गिरणीतला कामगार गावाकडच्या भावाला सांगून ठेवायचा आणि ठरल्या दिवशी तार यायची: 'मदर सिरियस.' आई बहुधा अंगणात धान्य पाखडत असे. साहेबापुढे कागद एकच, शब्द तेच, आणि अर्थ तीन: आई आजारी आहे, आई गेली, किंवा सुगी सुरू झाली आहे. मुरलेला साहेब आधी तारेवरची तारीख बघायचा, मग भिंतीवरच्या कॅलेंडरात पेरणी-कापणीचे, गावच्या जत्रेचे दिवस बघायचा, आणि मगच सही करायचा.